कारीज

फासळ्या मोजायला आधी स्वतःच्याच शिकले,
वसतिगृहात दिवा मालवल्यावर, चादरीखाली.
गळ्याच्या खळीतून बोट खाली न्यायचं,
एक उंचवटा लागतो, तिथून आडवं : दुसरी.
मग तिसरी, चौथी,
आणि चौथीच्या खालची फट.
सगळं काम फटीत असतं, हाडावर लावलं
तर डोंगरवार सर गुण कापतात.

लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या,
हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या.
हे पाठ करत मी पवनीच्या रुग्णालयात येते,
एसटीत, दुधाच्या कॅनला गुडघे लावून.

सर पहिल्याच दिवशी म्हणाले,
आपल्याकडे सुई नाही, कातर नाही.
आपण ओसरीतली माणसं.
घरात काय चाललंय ते बाहेरूनच ओळखायचं,
आणि ओळखलं तरी
सांगायचं डॉक्टरांनी.

फुलवंता मारबते, वय अंदाजे पन्नास.
तलावात शिंगाडे काढते. नखं काळी, टाचा पांढऱ्या,
अंगाला जवसाचं तेल.
तेलावर वाटी धरत नाही. स्पिरिटनं पुसलं,
पदर हवा तेवढाच सरकवला, पडदा पुन्हा एकदा ओढला,
रबरी फुगे दाबून एकेक वाटी बसवली.
ती बघत होती. म्हणाली,
"ह्या त जरवा होत वं!"

तिच्या बोलीत ळ नाही.
डोळ्याचा डोरा, तळ्याचं तरं.
माझ्याही नव्हता. नागपूरला पहिल्या वर्षी
मुली हसल्या, तेव्हा मी तो
आरशासमोर उभी राहून जिभेला लावून घेतला.

हलू नका मावशी. बोलू नका. श्वास साधा.
कागद सरकू लागला.

पहिली ओळ उलटी.
डोंगर जिथे हवा तिथे दरी,
आणि एरवी जी ओळ खाली तोंड घालून असते
ती ताठ मान करून.
सरांनी लांबूनच पाहिलं : "लाल-पिवळी बदललीस."
कान तापले. जाऊन पाहिलं.
लाल उजव्या मनगटाला होती.
पुन्हा काढला. पुन्हा उलटा.
छातीच्या ओळी तर सहाव्या वाटीपर्यंत
अशा बारीक होत गेल्या
जसं कुणी बोलत बोलत दुसऱ्या खोलीत निघून जावं.

"सर, वायरी बरोबर आहेत."
माझाच आवाज होता तो.

सर उठून आले. काही बोलले नाहीत.
मावशीच्या उजव्या छातीकडे बोट केलं फक्त.
मग मी पाटी पुसून उलट्या हातानं लिहावं तसं
हातांच्या वायरी बदलल्या,
सहाही वाट्या आरशातल्यासारख्या पलीकडे नेल्या
आणि कागदावर
एकामागून एक उभे राहिले डोंगर,
सेकंदाला पंचवीस मिलिमीटर, रांगेनं, शहाण्यासारखे.

फुलवंताबाई छताकडे बघत म्हणाली,
"उजव्याच अंगाले धडधडते मनलं, त घरचे हासत.
कारीज का तिकडं रायते, मनत."

कारीज.
चार सत्रं मी हृदय लिहिलं,
त्याच्या झडपांची नावं, भिंतींची जाडी,
पण हा शब्द कुणी विचारला नव्हता.

जेल पुसताना तिनं गोल लाल डाग मोजले.
उजवीकडे सहा, डावीकडे सहा.
"जरू सुटल्यावर असाच डाग रायते.
पन इनं रगत नाई पेलं."
मग हळूच : "खराब हाय का वं?"

साहेब सांगतील, मी म्हणाले. एवढंच म्हणता येतं.
पण पदर सावरून देताना
माझा हात तिच्या उजव्या खांद्यावर
नियमापेक्षा थोडा जास्त राहिला.
ती म्हणाली, "तुजा हात थंडा हाय."

ती गेल्यावर वाट्या धुतल्या.
वहीत तारीख, नाव, वय अंदाजे.
शेऱ्याच्या रकान्यात डॉक्टर लिहितील त्यांचं लांब नाव,
त्याला जागा सोडून, कडेला, बारीक अक्षरात लिहिलं :
वायरी दोनदा तपासल्या.
बरोबर होत्या.